परक्या खुंटावरचा तुरा

“अगं, तिसऱ्या गल्लीतल्या वहिनींचा कॅक्टस कॅक्टसच नाही म्हणे!”

कुंपणापलीकडून काकूंनी हे अशा सुरात सांगितलं, की कुणाचं ठरलेलं लग्न मोडलं असावं असं वाटलं. भाद्रपदातलं ऊन सिल्वासात फार वेळ टिकत नाही. दोरीवरचे कपडे उलटून घालायचे होते. पण अशी बातमी आली की कपडे थांबतात.

“तो गणपतीपुढे मांडला होता तोच ना? उघडलेला पंखा, कडेला गुलाबी झालर?”

“तोच. आठशे रुपये मोजले मोबाइलवरून. आरतीला येईल त्याला ‘क्रेस्टेड कॅक्टस, क्रेस्टेड कॅक्टस’ करून दाखवत होत्या. आमच्या ह्यांना कुठे गप्प बसवतंय! चष्मा कपाळावर चढवून कुंडीपाशी वाकले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, हा तर थोर आहे. बाईंनी प्रसाद वाटायचा थांबवला गं. आता दुकानदाराला मेसेजवर मेसेज चाललेत, पैसे परत द्या म्हणून.”

“थोर म्हणजे बांधावरचा?”

“खानवेलच्या रस्त्याला शेतांच्या कडेनं असतो तो. गुरं आत शिरू नयेत म्हणून लावतात. खालचा खुंट त्याचा. वरचा पंखा त्याच्याच भावकीतला दुसरा. काय हो त्याचं नाव?”

“युफोर्बिया लॅक्टिया,” झोपाळ्याच्या कुरकुरीतून काकांचा आवाज आला. काका यार्नच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि गच्चीवर कुंड्या वाढू लागल्या. काकूंच्या मते पेन्शनचं काय होतं ते त्या गच्चीला ठाऊक. “आणि खालचा युफोर्बिया नेरिफोलिया. दोघांना चीक.”

“म्हणजे चीक आला की कॅक्टस नव्हे, असंच ना काका?”

“तसं नाही!” झोपाळा थांबला. काका कुंपणापाशी आले, म्हणजे आता अर्धा तास गेला. “मॅमिलारियातल्या काही जातींनाही दुधासारखा चीक असतो, आणि त्या अस्सल कॅक्टस. चीक सोड, काट्याचं बूड बघ. कॅक्टसचा काटा लोकरीच्या बारीकशा गादीतून निघतो. फूल त्या गादीतूनच, पिल्लूही तिथूनच. थोराचे काटे जोडीजोडीनं थेट सालीतून. गादी नाही म्हणजे कॅक्टस नाही, मग दुकानदार काही का म्हणेना. अस्सल कॅक्टस मूळ अमेरिकेतला. कोलंबस तिकडे पोचेपर्यंत आपल्याकडे फड्या निवडुंगसुद्धा कुणी पाहिलेला नव्हता.”

“आणि थोर?”

“तो आपला. त्याच्या चिकाचे लेप दोऱ्याला देऊन वैद्य क्षारसूत्र करतात, भगंदरासाठी. वरचा लॅक्टियाही भारत-श्रीलंकेकडचाच मानतात. दोन्ही इथले. बाहेर जाऊन कलम होऊन आले की परदेशी कॅक्टस.”

“भगंदराचं आरतीत नाही बोललात, एवढं नशीब,” काकू म्हणाल्या. “अगं, पण खरी गंमत पुढेच. आमचा भाचा न्हावाशेव्याला क्लिअरिंगच्या कामात आहे ना, त्याला मी फोन लावला. म्हटलं, बाबा, असल्या झाडाचे पैसे परत मिळतात का. तो म्हणे पैशाचं मला माहीत नाही, पण या झाडाचं नाव जागतिक करारात आहे.”

मला वाटलं काकू चढवून सांगतायत. पण नाही. दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर लगाम घालणारा साइट्स नावाचा करार आहे, १९७३ चा. भारत त्यात १९७६ मध्ये आला. जवळजवळ सगळे कॅक्टस आणि मांसल खोडाचे युफोर्बिया त्याच्या यादीत येतात, आणि सीमेपलीकडे न्यायचे तर कागदपत्रं लागतात. पण यादीखाली बारीक अक्षरात सवलती आहेत. मुद्दाम वाढवलेल्या लॅक्टियाचे तुरेवाले, पंख्यासारखे किंवा रंग पालटलेले प्रकार, तशाच वाढवलेल्या नेरिफोलियाच्या खुंटावर कलम केलेले असतील, तर त्यांना मोकळीक. अगदी असंच, दोन्ही नावांनिशी.

“म्हणजे बघ,” काकू म्हणाल्या, “बांधावरच्या थोराचं नाव जगाच्या कागदावर चढलं, आणि आपल्या सुनेचं नाव रेशनकार्डावर चढवायला चपला झिजल्या.”

मी म्हटलं, “पण काका, तो पंखा होतो कसा? साधा लॅक्टिया तर उभा दांडाच असतो ना?”

हा प्रश्न काकांना हवाच होता. त्यांनी खिशातून बॉलपेन काढलं आणि कुंपणाच्या खांबावर एक टिंब दिलं. प्रत्येक शेंड्याच्या टोकाला वाढीचं असं एक टिंब असतं. नव्या पेशी तिथे तयार होतात आणि खोड वर सरकतं. काही झाडांत काहीतरी बिनसतं आणि त्या टिंबाची रेघ होते. काकांनी टिंबाला धरून आडवी रेघ ओढली. आता झाड त्या सबंध रेघेवर एकदम वाढू लागतं. उंची सोडून रुंदीला लागतं. रेघ लांबत जाते, जागा पुरत नाही, मग ती वळते, दुमडते, घड्या पडतात. म्हणून मॅमिलारियाचा तुरा नर्सरीत ‘ब्रेन कॅक्टस’ नावानं विकतात.

“आणि हे काही कॅक्टसचंच नाही,” काका म्हणाले. “तुझ्या दारात कोंबडा लावलायस, तो काय आहे? लाल मखमली तुरा म्हणून तू देवाला वाहतेस, तो हाच बिघाड. फक्त तिथे तो पिढ्यान्‌पिढ्या जपला, बियांतून उतरतो. अननसाला कधी एका शेंडीऐवजी पसरट पंखा येतो, तोही हाच.”

“कशानं होतं पण?”

“कधी थंडीनं शेंडा मार खातो, कधी किडा कुरतडतो, कधी पातं लागतं. एक जिवाणू आहे, तोही काही झाडांत हे घडवतो. काहींच्या जातकुळीतच असतं. बहुतेक वेळा समोरच्या झाडाला नेमकं काय झालं ते सांगता येत नाही. अॅरिझोनात सग्वारो म्हणून प्रचंड कॅक्टस आहेत, घरापेक्षा उंच. त्यांतल्या एखाद्यालाच तुरा येतो, आणि तिथली माणसं अशा झाडांच्या नोंदी ठेवत वाळवंटात हिंडतात.”

“आणि इथली माणसं,” काकू म्हणाल्या, “खानवेलच्या रस्त्याला स्कूटर लावून लोकांच्या बांधाकडे टक लावून बसतात. मागच्या वर्षी एका शेतकऱ्यानं विचारलं, सर्व्हे आलाय का? रस्ता रुंद होणार का?”

यावर मी हसले, पण काका कसलेले निघाले. तुरा शोधायची त्यांची रीत मला पटली. एकेक झाड तपासत बसायचं नाही. पावसाळा सरताना, सकाळच्या तिरप्या उन्हात, थोराच्या वईची वरची किनार लांबून बघायची. सगळे शेंडे वर गेलेले असतात. मध्येच कुठे एक शेंडा आडवा पसरलेला, सुरकुतलेला दिसला की जवळ जायचं. दहापैकी नऊ वेळा गुरानं चावलेलं किंवा कोयत्यानं छाटलेलं निघतं, त्यातून चार फुटवे गर्दीनं आलेले असतात. चार फुटव्यांना चार वेगळी टोकं. तुऱ्याला एकच अखंड कड. बोट फिरवलं की कळतं. काकांना असा एक मिळाला. शेतमालकाला विचारलं, त्यानं कोयता आणून दिला आणि वर खायलाही घातलं.

“तुकडाच घेतला हं,” काका म्हणाले. “तुरा सगळा काढायचा नाही. झाड त्याचं.”

फसायच्या जागाही त्यांनी सांगितल्या. फड्या निवडुंगाची फडी चपटी असते म्हणून तो क्रेस्टेड नव्हे; त्याचं खोडच तसं. काही गोल मॅमिलारियांचं एक डोकं आपसूक दोनांत फुटतं, घुबडाचे डोळे दिसावेत तसं. तोही तुरा नाही, त्या जातीची सवयच ती. आणि तिसरा प्रकार, ज्याला इंग्रजी नावात राक्षस चिकटलाय, तो ‘मॉन्स्ट्रोज’. यात रेघ होत नाही. वाढीची टिंबं वाट्टेल तिथे उठतात, कंगोरे मोडतात, गाठी येतात. नर्सरीत ‘टोटेम पोल’ म्हणून बिनकाट्याचा, गुळगुळीत गाठींचा खांब मिळतो तो असाच. तो मूळचा मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्नियातला, आणि तिथे रानातही तसाच, फांद्या मोडून पडतात तिथे रुजत वाढतो.

“आता माझा लाल गोळा सांगा तिला,” काकू म्हणाल्या. “सुनेनं दिलेला.”

लाल गोळा मी पाहिलेला होता. हिरव्या तिधारी दांड्यावर लालभडक चेंडू, ‘मून कॅक्टस’. वापीच्या रस्त्यावरच्या नर्सऱ्यांत पिवळे, केशरी, गुलाबीही दिसतात.

“तो घरजावई आहे,” काकूच म्हणाल्या. “कमावत नाही, नटून बसतो, आणि सासऱ्याच्या जिवावर जगतो.”

काकांनी मान हलवली; यात दुरुस्ती करण्यासारखं त्यांना काही सापडलं नसावं. लाल गोळा म्हणजे जिम्नोकॅलिसियम मिहानोविची. त्यात हरितद्रव्यच नाही. हिरवा गेला म्हणून खालचा लाल उघडा पडला. स्वतःचं अन्न करता येत नाही, म्हणून बी रुजलं तरी साठा संपताच मरणार. जपानात एजी वातानाबे नावाच्या बागाईतदाराला १९४१ साली रोपांच्या ढिगात अशी लालसर रोपं दिसली. दुसऱ्या कुणी ती रोगट म्हणून उपटून टाकली असती. त्यांनी ती हिरव्या कॅक्टसवर कलम केली आणि ती जगली. पुढे कोरियानं याचा निर्यातीचा धंदाच केला. साइट्सच्या त्या बारीक अक्षरांत यालाही मोकळीक आहे.

“आणि सासरा कोण माहीत आहे?” काका म्हणाले. “ड्रॅगन फ्रूट. तेच, ज्याचं गुजरात सरकारनं २०२१ मध्ये ‘कमलम’ असं बारसं केलं. त्याचाच दांडा. त्याला पाणी जरा जास्त चालतं, गोळ्याला ते चालत नाही. दोघांचा वेग जमत नाही. काही वर्षांनी एकजण दमतो, बहुधा खालचा. मग वरचा दुसऱ्या दांड्यावर चढवावा लागतो.”

“म्हणजे सासरे बदलायचे,” मी म्हटलं.

“असे असतात गं काही,” काकू म्हणाल्या, आणि पहिल्या गल्लीकडे नजर टाकून गप्प झाल्या. त्या नजरेचा खुलासा दुसऱ्या दिवशी झाला, पण तो इथे लिहिण्यासारखा नाही.

मला स्वतःला तो लाल गोळा कधी आवडला नाही. मला आवडतात ते अर्धेमुर्धे, हिरव्यात पिवळे पट्टे असलेले, ज्यांना सगळे ‘व्हेरिगेटेड’ म्हणतात. काकांच्या गच्चीवर एक आहे, त्याच जिम्नोकॅलिसियमचा. दोन कंगोरे हिरवे, एक पिवळा, एक निम्मा-निम्मा, आणि कडांना जांभळट छटा. तो आपल्या हिरव्या भागावर स्वतःचं पोट भरतो. पिवळा भाग त्याच घरात जेवतो. काका म्हणाले, यात एकाच झाडात दोन प्रकारच्या पेशींची बिऱ्हाडं असतात, शेजारी शेजारी. शेंड्याच्या कुठल्या भागात कुठलं बिऱ्हाड आहे, त्यावर पट्टा कुठे उमटणार ते ठरतं. म्हणून पिल्लू पिवळ्या कंगोऱ्यावरच्या गादीतून आलं तर नुसतं पिवळं, हिरव्यावरून आलं तर नुसतं हिरवं, आणि सीमेवरून आलं तर नशीब. बियांतून उतरलंच तर हा दोष बहुधा आईच्या बाजूनं उतरतो.

“म्हणजे खापर आमच्याच माथ्यावर,” काकू.

“तुझ्या त्या स्नेक प्लांटचंच बघ ना,” काकांनी माझ्या ओट्याकडे बोट केलं. “पिवळ्या काठाचा. त्याचं पान तोडून मातीत खोच. मुळं धरेल, रोप येईल, पण काठाशिवाय, साधं हिरवं. कारण नवं रोप आतल्या पेशींतून उठतं, आणि काठ बाहेरच्यांचा. काठ हवा तर गड्डा फोडून मुळासकट फुटवा वेगळा करायचा.”

हे मला खरंच ठाऊक नव्हतं. धुळ्याच्या माझ्या जावेला मी पानंच पाठवली होती, आणि तिनं फोनवर ‘तुमच्याकडचं पाणीच वेगळं’ म्हणून सिल्वासाच्या पाण्याला नावं ठेवली होती.

मग विषय भावावर आला. काकूंना भावाशिवाय कुठलीही गोष्ट अर्धी वाटते. त्यांचं म्हणणं, लोक रंगाला पैसे देतात आणि फसतात. दुकानात रोपाला रंगाचा फवारा मारलेला असतो. कोवळा शेंडा वाढला की तो हिरवा निघतो. वर वाळकं कागदी फूल गरम गोंदानं चिकटवलेलं असतं. उन्हानं भाजलेला पिवळेपणा ‘व्हेरिगेटेड’ म्हणून खपवतात. काका म्हणाले, भाजल्याचा डाग उन्हाच्या एकाच बाजूला असतो आणि पुढे खरबरीत, तपकिरी होतो. कोळी किडीनं रस शोषला तरी गंजल्यासारखं दिसतं. कधी विषाणूमुळेही ठिपके येतात. खरा पट्टा शेंड्यातून निघालेला असतो. म्हणून ऑनलाइन घ्यायचं तर समोरून काढलेला फोटो नको म्हणायचं, शेंड्याचा आणि कलमाच्या सांध्याचा मागायचा. जो देत नाही त्याच्याकडून घ्यायचं नाही. त्यापेक्षा पुण्याच्या एम्प्रेस गार्डनचं जानेवारीतलं प्रदर्शन बरं, नाहीतर उरळी कांचनकडच्या नर्सऱ्या. उचलून, उलटून बघता येतं. नुसतं बघायचं तर पंचकुलाला १९८७ साली उभी राहिलेली कॅक्टसची सरकारी बाग आहे. काकांनी काकूंना वैष्णोदेवी म्हणून नेलं आणि आधी तिथे थांबवलं, हे प्रकरण मी यापूर्वीही ऐकलेलं आहे.

“तिसऱ्या गल्लीतल्या वहिनींचं मात्र काही वाईट झालेलं नाही,” काकू अचानक न्यायाधीश झाल्या. “सांधा घट्ट आहे. खुंट जाडजूड. नाव चुकीचं सांगितलं म्हणून झाड खोटं होतं का? मला विचारशील तर खालचा कोण आहे ते आधी बघावं. वर नटलेलं सगळ्यांना दिसतं.”

“पण मग सांगा ना त्यांना तसं.”

“मी? माझ्या ब्रेन कॅक्टसचा तुकडा संक्रांतीच्या हळदीकुंकवात कुणी मोडून नेला, ते मला अजून कळलेलं नाही. त्यांच्या खिडकीत हल्ली एक नवी छोटी कुंडी दिसते.”

चोरून आणलेलं रोप हमखास जगतं, हे आपल्याकडे शास्त्र मानतात. काकांनी त्यावर चिलीची हकिगत सांगितली. अटाकामा वाळवंटात कोपियापोआ नावाचे कॅक्टस होतात, मुंगीच्या पावलानं वाढणारे. इटलीच्या पोलिसांना २०२० मध्ये एका संग्राहकाच्या घरी असे चोरीचे कॅक्टस सापडले, हजाराच्या आसपास. पुढच्या वर्षी त्यांतले आठशेवर विमानानं चिलीला परत पाठवले.

“म्हणजे इटलीतही हळदीकुंकू असतं,” काकू म्हणाल्या.

ढग भरून आले तशी मी कपडे काढायला वळले, पण काका खरं कामाचं आत्ता बोलू लागले. सिल्वासात वर्षाला २,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस. तुऱ्याचं दुखणं इथेच. साध्या गोल कॅक्टसवरून पाणी ओघळून जातं. तुऱ्याच्या घड्यांत ते अडकतं, आणि आतून कुजायला लागलं की बाहेर कळेपर्यंत उशीर झालेला असतो. जूनपासून दसऱ्यापर्यंत कुंड्या पारदर्शक पत्र्याखाली, वारा खेळेल अशा. माती निम्म्याहून कमी. बाकी विटांचे खडे, कोळशाची जळकी खर, जाड रेती. खाली ताटली नको. घड्यांत पिठ्या ढेकूण लपतो, त्याला जुना टूथब्रश. आणि तुऱ्यातून मध्येच साधं, सरळ बोट वर आलं तर तत्काळ कापायचं. पट्टेवाल्यातून नुसतं हिरवं पिल्लू आलं तरी तेच. साधं नेहमी जोमानं वाढतं, आणि बघता बघता सगळं झाड परत साधं होऊन बसतं.

“तसं झालं तर बिघडलं काय?” मी विचारलं. “झाड बरंच झालं ना?”

काका गप्प झाले. बॉलपेन खिशात ठेवलं. “झाडाच्या बाजूनं बरंच,” ते म्हणाले, “पण मग मी गच्चीवर काय करू?”

“गहू निवडा,” काकूंनी लगेच सुचवलं.

कलमाचं दिवाळीनंतर ठरलं. तेव्हा हवा कोरडी होते आणि सांधा कुजत नाही. काका त्यांच्या बांधावरच्या तुऱ्याचा तुकडा मला देणार. पाचरीसारखा तासून थोराच्या खुंटाला वरून चीर देऊन त्यात बसवायचा, दोघांच्या आतल्या कडा एकमेकींना कुठेतरी भिडल्या पाहिजेत, चीक ओल्या फडक्यानं झटपट टिपायचा, रबर बांधायचं. डोळ्यांना चष्मा हवाच. थोराचा चीक डोळ्यात गेला तर दवाखान्याशिवाय उपाय नाही. खुंट माझा मीच आणायचा, कोपऱ्यावरच्या रिकाम्या प्लॉटवर आहे.

“आणि फुकट नाही हं,” काकू म्हणाल्या. “बदल्यात तुझा तो पिवळ्या काठाचा स्नेक दे.”

मी लगेच पान तोडायला वाकले.

“पान ठेव तुझ्या जावेला,” काकू म्हणाल्या. “मला मुळासकट फुटवा.”